सांगली–विजापूर सीमेवरच्या सहकार्याचा परिणाम मोजायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगली, बेळगाव आणि विजापूर जिल्ह्यांतल्या काही संस्थांनी मिळून पाच वर्षे तीन कामे केली. कृष्णेच्या पुराची माहिती एकमेकांना वेळेत पोहोचवणे, जतच्या पूर्व भागात पाणी आणणे, आणि मिरजेला येणाऱ्या कर्नाटकातल्या रुग्णांची सोय लावणे. आता निधी देणाऱ्यांना या सगळ्याचा ‘प्रादेशिक परिणाम’ आकड्यांत हवा आहे. युरोपात सीमापार सहकार्याच्या इंटररेग कार्यक्रमांचे मूल्यमापन नियमित होते. ती पद्धत इथे चालेल का?

चालेल, पण निम्मीच. कोणता निम्मा भाग उचलायचा, तेच आधी पाहू.

इंटररेग १९९० मध्ये सुरू झाले. २०२१ ते २०२७ या काळासाठी त्याला युरोपीय संघाचे सुमारे ८ अब्ज युरो आहेत. मूल्यमापनाचे पाच निकष नियमातच दिले आहेत: परिणामकारकता, कार्यक्षमता, गरजेशी मेळ, इतर योजनांशी सुसंगती, आणि एकट्या देशाला जे जमले नसते ते जमले का. शिवाय प्रत्येक कार्यक्रमाचे परिणाम-मूल्यमापन ३० जून २०२९ पर्यंत झालेच पाहिजे, असे बंधन आहे. ८ अब्ज ऐकायला मोठे वाटतात, पण सात वर्षे आणि अनेक देशांच्या सीमांवर वाटले की एका जिल्ह्याच्या वाट्याला जे येते ते तिथल्या उत्पन्नापुढे नगण्य असते. त्यामुळे जिल्ह्याच्या उत्पन्नवाढीत कार्यक्रमाचा ठसा शोधणारे अहवाल तिथेही फसतात. तुमची रक्कम तर त्याहून कितीतरी लहान. जिल्ह्याच्या उत्पन्नाचे आकडे घेऊन बसूच नका. आपल्याकडे ते बऱ्याच अंशी राज्याच्या एकूण आकड्याची वाटणी करून काढलेले असतात. गावपातळीवरचा बदल त्यांत उतरत नाही.

युरोपातून घ्यायची ती एक गोष्ट: सीमा नेमके काय अडवते ते आधी लिहायचे, आणि तो अडथळा किती कमी झाला ते मोजायचे. सीमाभागातले फक्त २० टक्के अडथळे दूर झाले तरी तिथले उत्पन्न २ टक्क्यांनी वाढेल, असा मिलानच्या पॉलिटेक्निकचा अंदाज युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये पुढे आणला. हा आकडा प्रस्तावांत सर्रास चुकीचा वापरला जातो. तो अडथळ्यांविषयीचा, मॉडेलमधून आलेला अंदाज आहे. कोणत्याही कार्यक्रमाने तेवढी वाढ घडवली, असे तो सांगत नाही.

आपली सीमा देशांतर्गत आहे. चलन एकच, नाका ओलांडायला परवाना नाही. मग अडते कुठे? सांगली जिल्ह्यातले म्हैसाळ ते बेळगाव जिल्ह्यातले कागवाड हे अंतर किरकोळ, पण पाण्याचे वाटप, योजनांचे कार्ड, अर्जाची भाषा आणि अधिकाऱ्याचे कार्यक्षेत्र हे सगळे त्या रेषेवर बदलते. तुमच्या तिन्ही कामांसाठी असा एकेक अडथळा एका वाक्यात लिहा. ज्या कामासाठी वाक्य लिहिता येत नाही, ते काम सहकार्याचे नसून दोन्हीकडे समांतर चाललेले साधे विकासकाम असते. ते चांगलेही असेल, पण या हिशेबात धरायचे नाही.

आता पुराकडे. इथेच सगळ्यात मोठी चूक होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. जून २०२१ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात मंत्रिपातळीवर बेंगळुरूत बैठक होऊन धरणसाठा आणि विसर्गाची माहिती एकमेकांना देण्यावर भर दिला गेला. पुढच्याच महिन्यात पूर आला आणि पातळी २०१९ पेक्षा कमी राहिली. दोन आकडे शेजारी ठेवून ‘समन्वयामुळे पूर कमी झाला’ असे लिहिण्याचा मोह आवरत नाही. पण २०१९ चा पाऊस अनेक दिवस लांबलेला होता, तर २२–२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात २४ तासांत सुमारे ५९४ मिमी कोसळला आणि मग जोर ओसरला. धरणांतला सुरुवातीचा साठाही वेगळा होता. पुराची कमाल उंची हे पावसाचे मोजमाप आहे. समन्वयाचे फार तर थोडेसे.

समन्वयाने थेट बदलतो तो वेळ. म्हणून घड्याळ मोजा. प्रत्येक पुरासाठी एक तक्ता करा. कोयना (क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट) आणि वारणा (३४.४०) यांचा विसर्ग कधी बदलला, तो निरोप सांगलीच्या पाटबंधारे विभागात आणि पुढे कर्नाटकातल्या हिप्परगी बंधाऱ्याकडे आणि अलमट्टी धरणाकडे कधी पोहोचला, तिकडचा विसर्ग बदलल्याची खबर उलट इकडे कधी आली, महापालिकेने भोंगा कधी फिरवला, सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथली घरे कधी रिकामी झाली. चार-पाच पुरांचा असा तक्ता झाला की साखळीतली कोणती कडी आवळली गेली आणि कोणती तशीच ढिली राहिली, ते दिसते. बहुतेक वेळा दोन राज्यांमधली कडी सुधारलेली असते आणि जिल्ह्याच्या आत, कचेरीपासून गल्लीपर्यंतच्या टप्प्यातच वेळ जातो. तसे निघाले तर तसेच लिहा.

वेळा लोकांना विचारून भरू नका. विसर्गाची नोंदवही, ई-मेलवरची वेळ, नियंत्रण कक्षाचे रजिस्टर, व्हॉट्सॲप ग्रुपची निर्यात केलेली फाइल यांतून घ्या. ग्रुपमधले फॉरवर्ड मोजायचे नाहीत, फक्त मूळ निरोप.

एककांचा गोंधळ इथे हमखास होतो. आयर्विनची पातळी फुटांत आणि तिथल्या मोजपट्टीच्या शून्यापासून असते; अलमट्टीची मीटरमध्ये आणि समुद्रसपाटीपासून (पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर). ४५ फुटांचे १३.७२ मीटर करून एकातून दुसरे वजा करणारे तक्ते अर्थहीन आहेत. आधी मोजपट्टीच्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मिळवा. दुसरे रूपांतर पाठच करून ठेवा: एक लाख क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग पूर्ण दिवस चालला तर ८.६४ टीएमसी पाणी जाते. ‘विसर्ग वाढवला म्हणून पूर टळला’ अशा दाव्यांची पहिली चाळणी याच आकड्याने होते.

‘मग अलमट्टीमुळे सांगली बुडते का?’ हे तुम्हाला प्रत्येक बैठकीत विचारले जाईल. महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने २०१९ च्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही; सांगली-कोल्हापुरात अनेकांना ते पटलेले नाही, आणि कृष्णा पाणीवाटपाच्या दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये धरणाच्या ५२४.२५६ मीटर उंचीला वाव दिल्यापासून प्रश्न अधिकच तापलेला आहे. पण हा जलशास्त्राचा आणि न्यायालयाचा विषय आहे. तुमच्या मूल्यमापनात तो शिरला की निरोपाच्या वेळांकडे कोणी बघणार नाही. अहवालात एका परिच्छेदात ‘हा प्रश्न कक्षेबाहेर’ असे नोंदवा आणि पुढे चला. विसर्गाच्या वेळापत्रकाने पातळी किती फुटांनी बदलली हे सांगायचेच असेल, तर नदीपात्राचे आडवे छेद आणि दर तासाचे विसर्ग हाती असले पाहिजेत. मग हेक-रास (नदीतले पाणी किती चढेल ते काढणारे संगणकी मॉडेल) किंवा तत्सम मॉडेल दोनदा चालवायचे: पाऊस तोच, एकदा प्रत्यक्षातले विसर्ग आणि एकदा त्या बैठकीआधीच्या रीतीचे विसर्ग. छेद जुने असतील तर हा खटाटोप करू नका. वेळेचा निष्कर्ष तेवढा द्या.

जतचे पाणी हा वेगळा पेच आहे. इथे परिणाम डोळ्यांना दिसतो, पण श्रेय कोणाचे ते ठरत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर योजनेतले पाणी उताराने जत तालुक्यातल्या तिकोंडीच्या तलावात आले. त्याच सुमाराला आपल्याकडे विस्तारित म्हैसाळ योजनेला वेग आला. त्यात पाऊसमान वर्षागणिक वेगळे, आणि जलसंधारणाची कामे चालूच. तलाव भरल्याचा फोटो यांपैकी कशाचाही पुरावा होऊ शकतो.

इथे तुलनेची गावे लागतात, आणि ती निवडताना एक सापळा टाळायचा. सीमेपलीकडची तिकोटा किंवा अथणीकडची गावे तुलनेला घेतली, तर दोन राज्यांच्या धोरणांतला फरक मोजला जाईल, सहकार्याचा नाही. तुलनेची गावे आपल्याच बाजूची हवीत: तेच पर्जन्यमान, तसाच उतार आणि माती, पण सीमापार पाण्याच्या वाटेत नसलेली. जत तालुक्याचा काही भाग भीमेच्या खोऱ्याकडे उतरतो. निवड गावाच्या नावावरून न करता ओढ्याच्या पाणलोटावरून करा. नाहीतर तुलनेच्या गावात त्याच ओढ्याने पाणी झिरपलेले असते आणि परिणाम आहे त्याहून कमी दिसतो.

मग दुहेरी फरक काढा, म्हणजे लाभाच्या गावांतल्या बदलातून तुलनेच्या गावांतला बदल वजा करा. समजा, लाभाच्या गावांत जानेवारी-फेब्रुवारीत हिरवे दिसणारे क्षेत्र १८ टक्क्यांवरून ३१ वर गेले आणि तुलनेच्या गावांत २० वरून २८ वर. परिणाम १३ टक्के-बिंदू नव्हे, १३ वजा ८ म्हणजे ५. हे क्षेत्र सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटर चित्रांवरून फुकट काढता येते. २०१७ पासून दर पाच दिवसांनी चित्र मिळते आणि रब्बीत ढगही नसतात. कार्यक्रमाच्या आधीची निदान तीन वर्षे घ्या आणि त्या काळात दोन्ही गटांची चाल सारखी होती का ते पाहा. ती सारखी नसेल, तर पुढचे गणित कितीही नीटनेटके असले तरी विश्वास ठेवू नका. आणि २०१८-१९ सारखे दुष्काळी वर्ष एकटेच पायाला धरू नका. त्यानंतर काहीही केले असते तरी सुधारणाच दिसली असती.

हिरवे क्षेत्र वाढले म्हणजे गावाचे भले झाले, असे मात्र नाही. ते पाणी दोन मोठ्या द्राक्षबागांनी उचललेले असू शकते. म्हणून घरोघरचा सर्व्हे लागतो. ३० लाभाची आणि ३० तुलनेची गावे, प्रत्येकी १५ घरे, म्हणजे ९०० घरे. पण एका गावातली घरे एकमेकांसारखी असतात. गावांतर्गत साम्य (० ते १ या मापात) ०.१० धरले तर भाजक १ + १४ × ०.१० = २.४, म्हणजे ९०० घरांची ताकद प्रत्यक्षात ३७५ एवढीच. घरे वाढवण्यापेक्षा गावे वाढवणे फायद्याचे. तिघांची एक अशा चार तुकड्या, दिवसाला तुकडीमागे एक गाव धरले, तर १५ दिवसांत काम उरकते.

सर्व्हे दिवाळीनंतर ठेवलात तर ज्यांची गोष्ट ऐकायची तेच घरी नसतील. जतच्या पूर्व भागातली अनेक कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात. कारखाने बंद होऊन ती परतली की, म्हणजे मे-जूनमध्ये जा. विचारायचा सगळ्यात बोलका प्रश्नही तोच: मागच्या सीझनला घरातले किती जण, किती महिने तोडीला होते, आणि उचल (तोडीसाठी आगाऊ घेतलेले पैसे) किती घेतली? उत्पन्न विचारले की लोक आकडा झाकतात, पण उचलीचा आकडा तोंडपाठ असतो. पाणी खरोखर घरापर्यंत पोहोचले असेल तर उचल घटलेली दिसते. या भागात घरात कन्नड बोलणारे बरेच आहेत, तेव्हा प्रत्येक तुकडीत दोन्ही भाषा येणारा एक माणूस हवाच. नुसता मराठी फॉर्म नेला तर उत्तरे सरपंचाच्या तोंडून मिळतात.

दोन्ही राज्यांचे आकडे एकत्र ठेवताना जो वेळ जातो, तो कोणीच आराखड्यात धरत नाही. २०११ ची जनगणना काढली की कागवाड तालुका सापडत नाही, कारण तेव्हा ती गावे अथणीत होती. तिकोटा आणि बबलेश्वर विजापूर तालुक्यात. १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री बेळगावचे बेळगावी आणि विजापूरचे विजयपुरा झाले, त्यामुळे जुन्या आणि नव्या फाइली नावावरून जुळत नाहीत. गावाच्या जनगणना क्रमांकावरूनच जोडणी करा. कर्नाटकातल्या ग्रामपंचायतीत बहुधा अनेक गावे असतात, आपल्याकडे बहुतांशी एक-दोनच. म्हणून ‘पंचायतीमागे’ असा कोणताही आकडा तुलनेला बाद. इकडे सातबारा, तिकडे पहाणी; पीकपाण्याच्या नोंदी दोन्हीकडे असतात, पण दोन्हीकडचा भरवसा सारखा नाही. पावसाचे आपले आकडे महसूल मंडळाचे, त्यांचे होबळी (आपल्या मंडळासारखा महसुली विभाग) आणि पंचायतीच्या केंद्रांचे. दोन्ही बाजूंना एकच माप लावायचे तर उपग्रहाधारित ५ किमी जाळीचा पाऊस वापरा. हवामान खात्याची पाव अंशाची जाळी जतसारख्या तालुक्यासाठी फार ढोबळ पडते. भूजलासाठीही दोन राज्यांच्या वेगवेगळ्या यंत्रणांपेक्षा केंद्रीय भूजल मंडळाच्या विहिरी बऱ्या, कारण मोजणीचे महिने दोन्हीकडे तेच. विहिरी थोड्या आहेत, एवढे सांभाळा.

रुग्णसेवेबद्दल थोडक्यात. मिरजेला उत्तर कर्नाटकातून रुग्ण येणे मिशनरी डॉक्टर वानलेस यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालू आहे. तेव्हा ‘कर्नाटकातून अमुक रुग्ण आले’ हा परिणाम नव्हेच. ते तसेही आले असते. अडथळा पैशाचा आणि कागदाचा आहे: कार्ड चालले का, संदर्भचिठ्ठी ग्राह्य धरली का, परत गेल्यावर गावच्या आरोग्य केंद्राने पुढचे उपचार चालू ठेवले का. रजिस्टरमधून पिनकोडवार यादी काढा आणि खिशातून झालेला खर्च व पाठपुराव्याचे प्रमाण आधी-नंतर पाहा. २०२३ मध्ये महाराष्ट्राने कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांसाठी आपली आरोग्य योजना खुली केली आणि कर्नाटकने हरकत घेतली. लाभ झाला तरी ते एकतर्फी पाऊल, सहकार्यात मोजू नका. उलट तुमच्या काळात ते घडले असेल तर त्याचा परिणाम वजा करावा लागेल. खऱ्या सहकार्याचा नमुना पाहायचा तर फ्रान्स-स्पेन सीमेवरचे सेर्दान्याचे रुग्णालय पाहा. इमारत स्पेनमध्ये, पुइग्सेर्दा गावात. २०१४ मध्ये सुरू झाले आणि दोन्ही देशांच्या रुग्णांसाठी दोन्ही बाजूंनी मिळून चालवले जाते. पलीकडच्या फ्रेंच गावांना आधी सुमारे १०० किमीवरचे पेर्पिन्यां गाठावे लागे. तिथेही इमारतीपेक्षा जास्त झगडावे लागले ते बाळाच्या जन्माची नोंद कोणत्या देशात करायची, यासारख्या कागदांशी.

याच्या जोडीला घटनांची एक डायरी ठेवा: निवडणुका, सीमावादावरून बंद पडलेल्या एसटी, सप्टेंबर २०२३ मध्ये परराज्यात ऊस न्यायला घातलेली आणि लगेच मागे घेतलेली बंदी, बदल्या. आकड्यातली उडी दिसली की आधी डायरी बघायची.

बदल्यांचा मुद्दा वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. इंटररेगच्या निर्देशांकांत ‘एकत्र काम करणाऱ्या संस्थांची संख्या’ असते आणि ‘प्रकल्प संपल्यावरही एकत्र काम करणाऱ्या संस्थांची संख्या’ ही वेगळी असते. पहिली संख्या बैठकीच्या हजेरीपटावरून फुगवता येते. दुसरी फुगवता येत नाही, आणि आपल्याकडे ती तपासायची सोपी रीत आहे: दोन्ही बाजूंचे ओळखीचे अभियंते बदलून गेल्यावरच्या पावसाळ्यात निरोप त्याच वेगाने गेले का? बऱ्याचदा सगळे सहकार्य दोन माणसांच्या मोबाइलमध्ये असते. अधिकाऱ्यांच्या मुलाखती दोन्ही बाजूंच्या वेगवेगळ्या घ्या, आणि मत विचारण्याऐवजी ते पत्र, ती फाइल, ती तारीख दाखवायला सांगा. एकाच टेबलावर बसवले की दोघेही एकमेकांचे कौतुक करतात.

शेवटी बेसलाइनचे, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या स्थितीच्या नोंदीचे. ती नसते, किंवा असली तरी एकाच बाजूची असते. ‘पाच वर्षांपूर्वी काय होते?’ असे लोकांना विचारून ती भरून निघत नाही. ‘महापुराच्या आधीच्या उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचा?’ असे एखाद्या घटनेला बांधून विचारले तर थोडे जमते. त्यापेक्षा तहसील कचेरीतले टँकरचे रजिस्टर काढा. कोणत्या गावाला, कोणत्या आठवड्यात, किती खेपा, हे त्यात सापडते, आणि बिलाशी जोडलेले असल्याने नोंद बऱ्यापैकी जपलेली असते. खेपा मंजूर किती आणि प्रत्यक्ष किती, हे दोन वेगळे रकाने आहेत, प्रत्यक्षाचा घ्या. पलीकडे खासगी टँकर आणि भाड्याच्या बोअरवेलची नोंद पंचायत विकास अधिकाऱ्याकडे वेगळ्या पद्धतीने मिळेल. ती खेपांत बदलायच्या भानगडीत पडू नका, दोन स्वतंत्र मालिका म्हणूनच छापा.